भयाच्या अंगणात

आषाढ लागला की मेढ्याची संध्याकाळ लवकर उतरते. घड्याळात पाचच वाजलेले असतात, पण केळघरच्या बाजूने ढग असा खाली येतो की पेठेतल्या दुकानांत दिवे लागतात, वेण्णेपलीकडचा डोंगर दिसेनासा होतो आणि साताऱ्याहून आलेली एसटी स्टँडात शिरते ती निथळतच. उतरलेली माणसं पिशव्या पोटाशी धरून आडोशाला उभी राहतात. कुणाला केळघरला जायचं असतं, कुणाला बामणोलीकडे, कुणाला त्याहून आत. त्यांचं बोलणं कान देऊन ऐकावं. घाटात दरड तर आली नसेल? ओढ्याला पाणी चढलं नसेल? गाडी मधूनच परत फिरवली तर? म्हातारी घरात एकटी आहे, लाइट गेली असेल, पडली-बिडली नसेल ना? बोलता बोलता गाडी लागते, माणसं चढतात आणि यथावकाश आपापल्या दारात पोहोचतात. ओढ्याला पाणी घोट्याएवढंच असतं. चूल पेटलेली असते. म्हातारी धडधाकट असते, आणि एवढा उशीर का केलास म्हणून कावलेली असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गाडी, तोच ढग आणि तेच प्रश्न.

या प्रश्नांविषयी लिहावं असं फार दिवस मनात होतं. महापूर, दुष्काळ, साथी यांच्या भीतीला इतिहासात जागा मिळते. रोजच्या भीतीची नोंद कुणी ठेवत नाही. ती सकाळी उठल्यावर आपल्याबरोबर उठते, डबा भरताना शेजारी उभी राहते, रात्री दिवा मालवला की उशाशी येऊन बसते. जे घडलं त्याने आपल्याला रडवलं असेल, पण जे कधी घडलंच नाही त्याने आपल्या कितीतरी जास्त रात्री जागवल्या आहेत. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपली माणसं उगाच म्हणत आली नाहीत.

मेढा हे जावळी तालुक्याचं ठाणं, आणि जावळी हे नावच एके काळी धडकी भरवायला पुरेसं होतं. चंद्रराव मोऱ्यांच्या अमलात हे खोरं म्हणजे घनदाट अरण्य होतं. घाटवाटा अरुंद, कडे उभे, पावसाळ्यात वाटच बंद. शिवाजी महाराजांनी १६५६ च्या जानेवारीत जावळी घेतली. मग प्रतापगड उभा राहिला. तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ ला, त्याच गडाच्या पायथ्याशी अफजलखान पडला आणि त्याची फौज या झाडीत उधळली गेली. सपाटीवर ज्या घोडदळाची आणि तोफांची दहशत होती, ते सगळं इथे अडकून पडलं. अरण्य दोन्ही बाजूंना तेच होतं. एका बाजूच्या माणसांना मात्र त्यातली खिंड न् खिंड, पाणवठा न् पाणवठा, गुरांच्या पायाखालची वाट न् वाट ठाऊक होती. बाहेरच्याला जी जागा काळोखी वाटली ती आतल्याला घर वाटत होती. या खोऱ्याने मला भीतीविषयी शिकवलेली पहिली गोष्ट हीच. भय पुष्कळदा त्या जागेत नसतं, ती जागा ठाऊक नसण्यात असतं.

दुसरी गोष्ट आजीने शिकवली.

माझं आजोळ मेढ्यापासून दोन-तीन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी. कौलारू घर, मातीच्या जाड भिंती, मधल्या घरातून वर जाणारी लाकडी शिडी आणि वर काळोखा माळा. माळ्यावर भाताच्या कणग्या, मोडका पाळणा, गंजलेले फाळ, कुणाच्या तरी लग्नातली तांब्याची घंगाळी. एका वर्षी भात घरात येऊन पडला आणि थोड्याच दिवसांत रात्री वरून आवाज यायला लागला. कुणीतरी गाढ झोपेत घोरतंय असा लांब, खरखरीत श्वास. मध्येच थांबायचा. मग पुन्हा. दिवसा सगळं चिडीचूप.

चार घरांत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. एकीला आठवलं, या घरातला एक पोरगा फार पूर्वी लग्नाआधीच गेला होता. तोच मुंजा होऊन आला असणार. दुसरीने अवसेचा हिशोब मांडला. शेजारच्या गावच्या देवरुषाला बोलवायचं ठरलं. नारळ, लिंबं, कोंबडा अशी यादीसुद्धा झाली. आम्ही पोरं तर दिवेलागणीनंतर शिडीकडे पाठ करून बसायलाही तयार नव्हतो.

आजी सगळ्यांचं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "नारळ कुठं पळून जात न्हाई. आधी बघू."

तिने कंदील पेटवला, वात मोठी केली, पदर खोचला आणि शिडीला पाय लावला. तिचा काष्टा धरून मी मागोमाग चढले. तेव्हा एक गोष्ट मी अगदी जवळून पाहिली. आजीचा हात थरथरत होता. कंदिलाचा उजेड भिंतीवर हलत होता आणि त्याच्याबरोबर कणग्यांच्या सावल्या हलत होत्या. ती घाबरलेली होती, आणि तरी चढत होती.

आढ्याखालच्या कोनाड्यात तीन पिल्लं होती. अंगावर पांढरी लव, आणि बदामाच्या आकाराचे पांढुरके चेहरे. उजेड पडताच तिघांनीही माना खाली घालून डोलायला सुरुवात केली आणि तोच आवाज काढला. खाली फळ्यांवर करड्या रंगाच्या सुकलेल्या गोळ्या पडल्या होत्या. आजीने त्यातली एक उचलली आणि बोटांत कुस्करली. आत उंदराचे केस होते, काडीसारखी बारीक हाडं होती आणि एक अख्खा जबडा होता, पुढचे पिवळे दात जागच्या जागी असलेला. तिने तो कंदिलाजवळ धरून मला दाखवला. माझं सगळं लक्ष त्या दातांवर खिळलं, आणि भीती कधी गेली ते कळलंच नाही.

खाली उतरून तिने कंदील टेकवला आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, "वर तीन लेकरं हायती. भुकेजलेली. आईची वाट बघत्यात."

ते गव्हाणी घुबड होतं. माणसाच्या वस्तीला धरून राहणारा, जुन्या वाड्यांत आणि देवळांत घर करणारा हा पक्षी. त्याची पिल्लं भूक लागली की अशीच घोरतात, आणि पिल्लं घरात असताना नर-मादी रात्रभर उंदीर आणत राहतात. ज्या घरात भाताच्या कणग्या आहेत त्या घराने खरं तर अशा पाहुण्याचं पाट मांडून स्वागत करावं. आपण मात्र पिढ्यान् पिढ्या त्याचं तोंड पाहणंही अशुभ मानलं, त्याला दगड मारले. त्या वर्षी आजोळच्या माळ्यावर ती पिल्लं मोठी होऊन उडून गेली. तोवर कुणी शिडीला हात लावायचा नाही, असा आजीचा हुकूम होता.

पुढे वय वाढलं तसं मला त्या रात्रीतलं एकेक सुटं करून पाहता आलं. आवाज खरा होता. काळोख खरा होता. या दोहोंच्या मध्ये जी रिकामी जागा होती ती आम्ही भरली, आणि भरताना हाताशी असलेली सगळ्यांत भयंकर गोष्ट निवडली. माणसाचं मन असंच चालतं. गवतात सळसळ झाली तेव्हा वारा समजून निवांत बसलेला पूर्वज कधीतरी वाघाच्या तोंडी गेला असेल. दचकून पळालेला वाचला, आणि आपण त्या दचकणाऱ्याचे वंशज. दचकण्यात कमीपणा काहीच नाही. दचकल्यावर तिथेच थिजून राहिलं, त्या सळसळीकडे कधीच वळून पाहिलं नाही, तर मात्र गवताचं प्रत्येक पातं वैरी होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो तो असा.

जावळीत भाताची खाचरं आहेत, म्हणजे साप आहेत. लावणीला वाकलेल्या बाईच्या हाताशी चिखलातून काहीतरी वळवळत जातं आणि एकच आरडाओरडा होतो. बहुतेक वेळा ती दिवड असते. ती रागीट आहे, चावतेही, पण तिला विष नाही. बांधावरून वाहत गेल्यासारखी जाणारी लांबलचक धामण बिनविषारी. कौलातून पडणारा कवड्या बिनविषारी. धामण शेपटी मारते, गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, मांडुळाला दोन तोंडं असतात, या सगळ्या ऐकीव गोष्टी. आपल्या भागात माणूस दगावतो तो मुख्यतः चौघांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सरकारी दवाखान्यात मिळणारं सर्पदंशावरचं प्रतिविष या चौघांच्या विषावर चालतं. या चौघांची ओळख असणं ही खेड्यातल्या माणसाची खरी कवचकुंडलं. कवड्या आणि मण्यार यांच्यात गल्लत होते, पण कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट, तिचे बारीक पांढरे पट्टे मागे ठसठशीत आणि डोक्याकडे विरळ. खात्री नसेल तर चार पावलं मागे सरावं आणि सर्पमित्राला फोन करावा. एवढं ठाऊक असलं की माणूस धामणीला काठी घालत नाही, आणि मण्यारीच्या भीतीने रात्रभर जागतही नाही. तो जमिनीवर अंथरूण टाकण्याऐवजी खाटेवर झोपतो, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचतो आणि डोळे मिटतो.

१९८० मध्ये नीलिमकुमार खैरे पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले आणि त्यांना एकही साप चावला नाही. सापाला माणसाचा पिच्छा पुरवण्यात काही रस नसतो, हे त्यांनी साऱ्या महाराष्ट्रापुढे जिवावर उदार होऊन मांडलं. तसलं साहस कुणी करू नये आणि करण्याची गरजही नाही. पण ते वाचून आमच्या गावात दोन-चार पोरांनी तरी काठी खाली ठेवली असेल, असं मला मनापासून वाटतं.

काही भीती माळ्यावर किंवा गवतात लपलेल्या नसतात. त्या अंगणात चालत येतात. आमच्या अंगणात ती खाकी कपड्यांतल्या पोस्टमनबरोबर यायची.

जावळी आणि पाटणचे पुरुष पोटासाठी मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी मशीद बंदराच्या गोदामात पाठीवर गोणी वाहत. गावात राहायची बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. पत्र आठ-पंधरा दिवसांनी यायचं, त्याची कुणाला भीती नव्हती. भीती होती ती तारेची. तारेत शब्दाला पैसा पडायचा. एवढे पैसे मोजून कळवावं असं गरिबाच्या घरात मरणाशिवाय दुसरं काय असणार? म्हणून तार आली की ती फोडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची.

एकदा भर दुपारी आमच्याकडे तार आली. चुलता मुंबईत होता. चुलती पाणी घेऊन येत होती. पोस्टमनच्या हातातला कागद तिने पाहिला आणि हंडा खाली ठेवायचंही भान तिला राहिलं नाही. पाणी ओटीभर पसरलं. बायका धावत आल्या. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागलं, कुणी चुलत्याचे गुण आठवून हुंदके द्यायला लागलं. तार इंग्रजीत, वाचणार कोण? एका पोराला शाळेकडे पिटाळलं. गुरुजी येईपर्यंत तो घडी घातलेला कागद देवळीत पडून होता आणि सगळं घर त्याच्याकडे पाहत होतं. गुरुजी आले, त्यांनी घाम पुसला, कागद उघडला, मनाशी वाचला आणि म्हणाले, "वहिनी, रडू नका. मुंबईला तुमच्या नणंदबाई सुखरूप बाळंत झाल्या. मुलगा झाला."

चुलतीला हे पटायला वेळ लागला. तिने गुरुजींना पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग गुळाचा खडा शोधायला ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिथे ती एकटीने रडून घेत होती, हे मला दाराच्या फटीतून दिसत होतं. पहिलं रडणं भीतीचं होतं. हे त्या भीतीच्या ओझ्याखालून सुटण्याचं होतं. त्या मधल्या तासाभरात तिने वैधव्य भोगून घेतलं होतं. जे तिच्या वाट्याला आलंच नव्हतं त्याची पुरेपूर किंमत तिने आधीच मोजली होती.

तरी तिची भीती वेडगळ होती असं मला कधीही म्हणवणार नाही. त्या गावात आलेल्या कितीतरी तारांनी खरोखरच कुंकवं पुसली होती. भीतीला बहुतेकदा पूर्वीच्या एखाद्या खऱ्या दुःखाचं मूळ असतं. म्हणून भ्यालेल्या माणसाला झिडकारून त्याची भीती जात नाही. गुरुजींनी जे केलं ते करावं लागतं: उन्हातून चालत यावं लागतं, शेजारी बसावं लागतं आणि कागद उघडून वाचून दाखवावा लागतो. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवाच बंद झाली. आता मोबाइल आहे, आणि अवेळी वाजलेल्या मोबाइलला तीच जुनी धडधड वारशाने मिळाली आहे. रात्री अकराला पुण्याहून मुलाचा फोन येतो. नाव दिसल्यापासून त्याचा आवाज कानावर पडेपर्यंतच्या त्या दोन क्षणांत माझ्यासारख्या कितीजणी कुठल्या कुठे जाऊन येतात. आणि पलीकडून तो विचारतो, आमटीत आमसूल कधी घालायचं?

सगळ्याच भीती अशा गुळाच्या खड्यावर संपतात, असं मात्र मी लिहिणार नाही. सह्याद्रीच्या कुशीत राहून तसं लिहिणं खोटेपणाचं होईल.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे साडेचारच्या आत कोयनानगर हादरलं. मार्गशीर्षातली थंडी, माणसं साखरझोपेत. पावणेदोनशेच्या आसपास जीव गेले, हजारो घरं पडली. आमच्याकडची माणसं त्यानंतर कितीतरी रात्री घरात झोपायला तयार नव्हती. अंगणात मांडव घालून, शेकोटी पेटवून बसून राहायची. १९६१ साली पानशेत फुटून पुण्यात पाणी शिरलं होतं, ती आठवण ताजी होती. त्यामुळे खाली कराडपर्यंत एकच प्रश्न होता: कोयनेचं धरण फुटलं तर? धरणाच्या भिंतीला तडे गेले होते. पण ते फुटलं नाही. इंजिनिअरांनी तडे तपासले, ते भरून काढले, भिंत आणखी मजबूत केली. आजही त्या बाजूला अधूनमधून जमीन हलते, मांडणीवरची भांडी किणकिणतात, म्हातारी माणसं बोलता बोलता थांबतात, भिंतीकडे पाहतात आणि पुन्हा बोलायला लागतात. १९६७ इतका मोठा धक्का त्यानंतर आलेला नाही. पण कधी येणारच नाही, असं कुणी शास्त्रज्ञ सांगत नाही. त्यांनी कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, आणि जमीन का हलते त्याचा अभ्यास कराडच्या प्रयोगशाळेत चालू आहे. जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहायचं म्हणून खडक तीन किलोमीटर भेदत जाणारी ही माणसं मला आजीच्या शिडीवरच पुढे चढताना दिसतात.

२०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला आणि झोपेतली माणसं गाडली गेली. ज्या डोंगराला पिढ्यान् पिढ्या पाठीराखा मानलं तोच अंगावर आला. म्हणून आता आमच्याकडची शहाणी माणसं पावसाळ्यापूर्वी घरामागचा उतार हिंडून पाहतात. नवी भेग पडली आहे का, झाडं कलली आहेत का, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं आहे का. तसं दिसलं तर घर सोडतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. जो डोळा घुबडाच्या पिल्लांना मुंजा समजत नाही, तोच डोळा डोंगराची भेगही वेळेवर पाहतो. या दोन वेगळ्या शक्ती नाहीत. डोळे मिटून घेतलेल्या माणसाला खोटी भीती छळते आणि खऱ्या संकटात तो बेसावध सापडतो. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे.

महाबळेश्वरावरून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड. तिथल्या लाल विंचवाची दहशत सर्पदंशाहून कमी नव्हती, आणि ती खोटीही नव्हती. विंचू चावलेल्या लेकरांना घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, फुप्फुसात पाणी व्हायचं. इस्पितळात आलेल्या गंभीर रुग्णांतले शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत. लोक मांत्रिकाकडे जात, कारण डॉक्टरांकडेही उपाय नव्हता. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, दर काही वेळाने काय बदलतं ते टिपत गेले. त्या टिपणांतून विषाची चाल उलगडली, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध विंचूदंशावर लागू पडतं हे त्यांनी जगाला दाखवलं. मृत्यूचं प्रमाण शंभरी एकावर आलं. खऱ्या भीतीवरही उपाय निघाला तो जवळ बसून नीट पाहण्यातूनच.

हे सगळं मला आपल्या घराघरांतल्या बारक्या, मुक्या भीतींसाठी हवं आहे. माझ्या वहिनीच्या छातीत गाठ लागली. तिने ती कुणाला सांगितली नाही. देवाला नवस बोलली, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले दागिने मोजून पाहिले, आपल्यामागे घरात कोण काय करील याची मनात वाटणी केली. शेवटी एका दुपारी भाकरी थापता थापता तिच्या तोंडून निघून गेलं, आणि मी तिला घेऊन साताऱ्याला गेले. तपासणी झाली. गाठ साधी होती. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून कण्हेरच्या पाण्याकडे पाहत होती, मध्येच माझा हात धरून म्हणाली, "ताई, मी तर सगळी निरवानिरव करून बसले होते हो." स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. ज्या असतात त्या लवकर कळल्या तर बरं होण्याची आशा पुष्कळ असते. म्हणजे दोन्ही बाजूंनी हिशोब एकच सांगतो: दाखवून घ्या. तरी आपल्या किती बाया पदराखाली ती भीती वर्षानुवर्षं वागवत असतील या विचाराने माझ्या पोटात तुटतं.

मेढ्याच्या तहसील कचेरीच्या आवारात अशा बाया मला नेहमी दिसतात. एकदा कोयना धरणाच्या शिवसागराच्या काठावरून आलेल्या एका मावशींबरोबर मी गेले. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण सातबारावर अजून त्याचंच नाव. वारस नोंद राहिलेली. का, तर सायेब वरडंल, कागुद मागंल, आपल्याला बोलता येत न्हाई. दारात चप्पल काढायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, राहू द्या पायात." आतल्या माणसाने मृत्यूचा दाखला पाहिला, अर्ज घेतला, तलाठ्याकडे कधी जायचं ते सांगितलं, पोच दिली. मावशींनी ती पोच चार घड्या घालून पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "येवढंच व्हय?" त्या दोन शब्दांत त्यांची सारी वर्षं होती. त्या कचेरीची पायरी काही उंच नव्हती. ती त्यांनी मनात उंच करून ठेवली होती, आणि कुणी सोबतीला आलं नव्हतं.

सोबतीचा विचार आला की साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची आठवण येते. मिरजेला वैद्यकीचं शिक्षण, साताऱ्यात दवाखाना, आणि कबड्डीचे नामांकित खेळाडू. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि पुढची सगळी वर्षं ते गावोगावच्या भानामतीच्या, करणीच्या, भुताच्या भीतीपाशी जात राहिले. भ्यालेल्या माणसाचा त्यांनी कधी उपहास केला नाही. तुमच्या देवावर माझं काही म्हणणं नाही, पण हे जे तुम्हाला छळतंय ते आपण मिळून पाहू, अशी त्यांची रीत होती. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भीतीवर ज्यांचं पोट चालतं त्यांना उजेड किती झोंबतो हे त्यांच्या हत्येच्या सकाळी कळलं. आणि धोका खरा आहे हे ठाऊक असूनही माणूस जात राहू शकतो, हेही कळलं.

ते कबड्डीपटू होते ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. चढाई करणारा एकटाच रेषा ओलांडतो. पलीकडचं सगळं अंगण विरोधकांचं. त्याच्याजवळ एक श्वास असतो, आणि तो टिकेल तेवढ्या वेळात पुढे जायचं, एखाद्याला तरी हात लावायचा आणि परतायचं. कधी पकड होते, तेव्हा गडी बाद होतो. खेळ पुढे चालू राहतो. भीतीशी सामना असाच करता येतो. तिला कायमचं संपवण्याची प्रतिज्ञा कशाला? एका श्वासात जेवढं जमेल तेवढं जावं. आज फोन उचलावा. उद्या गाठ दाखवावी. परवा कचेरीची पायरी चढावी. हात लावून परतलं की आधी न दिसलेलं काहीतरी हाती आलेलं असतं: भीती खोटी असेल तर तिचा पोकळपणा, खरी असेल तर तिचं नेमकं माप.

आणि चढाई करणाऱ्याच्या पाठीशी त्याचा संघ रेषेपाशी उभा असतो, हे विसरू नये. वहिनीला साताऱ्याला नेणारं कुणी हवं असतं, मावशींना कचेरीत सोबत हवी असते, चुलतीला उन्हातून चालत येणारे गुरुजी हवे असतात. या डोंगराळ मुलुखात वाटा अरुंद आहेत आणि ढग लवकर उतरतो. इथे धीट माणूस म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो न घाबरणारा नसतो. तो दुसऱ्याच्या भीतीला हसत नाही, स्वतःची लपवत नाही, आणि "चल, मी येतो तुझ्याबरोबर" असं म्हणतो. आपल्यातल्या प्रत्येकाला एवढं होता येईल. त्यासाठी हात थरथरायचा थांबावा लागत नाही.